आगीच्या आधीचा शॉट

(कोहका, भिलाई इथं मोबाइलवर बातम्या करणाऱ्या मराठी भाषक तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर दोन तऱ्हेची मंडळी दिसताहेत. पुढं सतरंजीवर बसलेली पोरं-पोरी आहेत. त्यांच्यातल्या काहींनी यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल सुरू केलंय, काही जण रायपूरच्या वाहिन्यांना शॉट पाठवतात. मागं खुर्च्यांवर काका-मावशी बसले आहेत. त्यांची उभी हयात कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात नोकरी करण्यात गेली. आजचा विषय पुढच्यांच्या कामाचा आहे, पण मागच्यांनी उठून जाऊ नये. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून तुम्ही म्हणता ना, "आमच्याबद्दल हे काय दाखवतात?" त्याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

मी काही वर्षं एका वृत्तवाहिनीच्या एडिट टेबलवर काम केलं. मी पडद्यावर दिसत नव्हतो. बातमीदाराचा आवाज चालू असताना खाली जी चित्रं सरकत जातात, ती लावण्याचं माझं काम होतं. डेस्कवर त्याला नुसतं 'व्हिज्युअल' म्हणतात. कॅमेरावाले 'बी-रोल' म्हणतात, 'कटअवे' म्हणतात. नाव काहीही असो, मजकुराला आधार देणारं चित्र असा त्याचा अर्थ.

जरा हिशेब करू. दीड मिनिटाची बातमी घ्या. त्यात कुणाची तरी वीस सेकंदांची बाईट असते. बातमीदार कॅमेऱ्यासमोर उभा राहून दहा सेकंद बोलतो. उरले साठ सेकंद. एक शॉट तीन-चार सेकंदांचा धरला, तर पंधरा ते वीस शॉट लागतात. हे पंधरा-वीस शॉट कुणीतरी निवडतं. मजकूर संपादक वाचतो, वकील वाचतो, एखादा शब्द चुकला तर कान पकडले जातात. शॉट मात्र फारसं कुणी तपासत नाही. बघणाऱ्याच्या मनात मात्र शब्द राहत नाहीत, शॉट राहतो. आवाज बंद करून टीव्ही बघणारी कितीतरी माणसं असतात. हॉटेलात, रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये, सलूनमध्ये. त्यांच्यासाठी तो शॉट हीच बातमी.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. ही चूक झाली नसती, तर आज या विषयावर बोलायला मी आलोच नसतो.

एका संध्याकाळी बातमी आली की वसतिगृहातल्या मुलांना कित्येक महिने शिष्यवृत्ती मिळालेली नाही आणि मुलं सरकारी कार्यालयासमोर धरणं धरून बसली आहेत. बातमीदारानं फोनवर मजकूर दिला, पण शॉट पोचले नाहीत. बुलेटिनला वीस मिनिटं उरली होती. मी लायब्ररीत 'दलित आंदोलन' हे दोन शब्द टाकून शोधलं. पहिल्याच पाच-सहा क्लिपांत जळते टायर, काच फुटलेली बस, निळे झेंडे घेऊन पळणारी पोरं. मी तेच लावलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'संग्रहित' लिहिलं आणि जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी धरण्यावर बसलेल्या एका मुलाचा फोन आला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, आम्ही तर नुसते बसलो होतो. बस कुठून आली?" मग त्यानं सांगितलं की गावाकडे वडिलांनी बातमी बघितली. बस तू फोडलीस का, असं विचारत होते. शिकायला पाठवलं की दंगल करायला, म्हणून त्याला परत बोलावत होते.

त्या बातमीच्या मजकुरात एक शब्दसुद्धा खोटा नव्हता. शिष्यवृत्ती थकली होती, मुलं बसली होती, अधिकारी भेटले नव्हते. खोटा होता तो मी लावलेला शॉट. 'संग्रहित' लिहून मी नियम पाळला होता. पण त्याच्या बापाला ती बारीक अक्षरं दिसली नाहीत, आणि दिसली असती तरी त्यांचा अर्थ त्याला कुणी सांगितला असता?

त्या दिवसापासून मी जुनी बुलेटिनं काढून बघू लागलो. बघता बघता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. आपल्या बातमीत कारणाला चित्र नसतं. परिणामाला असतं. आणि चित्र जिथून सुरू होतं, बातमी तिथूनच सुरू झाली असं बघणाऱ्याला वाटतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या, तुम्हां सगळ्यांना आठवत असेल. १५ मे २०२४ च्या रात्री गिरौदपुरीजवळ महकोनी गावात अमर गुफेपाशी सतनामी समाजाच्या जैतखामाची तोडफोड झाली. जैतखाम म्हणजे काय, हे इथं सांगायची गरज नाही. गुरू घासीदासांच्या अनुयायांसाठी तो पांढरा खांब आणि वरचा पांढरा झेंडा काय आहे, हे आपण शेजारी राहून रोज बघतो. पोलिसांनी तीन जणांना पकडलं. हे खरे गुन्हेगार नाहीत असं समाजाचं म्हणणं होतं. निवेदनं दिली गेली, चौकशीची मागणी झाली. जवळजवळ चार आठवडे हे चाललं. मग १० जूनला बलौदाबाजारमध्ये मोठी सभा झाली, आणि त्यानंतर जिल्ह्याच्या संयुक्त कार्यालयाला, म्हणजे कलेक्टर आणि एसपी बसतात त्याच इमारतीला, आग लागली. गाड्या जळाल्या.

आता डोळे मिटा आणि त्या बातमीतलं कोणतं चित्र आठवतं ते बघा. जळकी इमारत. काळ्या पडलेल्या मोटरसायकलींच्या रांगा. तोडलेला जैतखाम किती जणांना आठवतो? चार आठवडे हातात कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढणारी माणसं कुणाला आठवतात?

आठवत नाहीत, कारण ती फारशी दाखवलीच गेली नाहीत. तोडफोड रात्री झाली, आडगावात झाली, तिथं कॅमेरा नव्हता. आग भर दिवसा लागली, जिल्ह्याच्या ठिकाणी लागली, तिथं सगळे कॅमेरे हजर होते. यात कुणी कट केला असं मी म्हणत नाही. कॅमेरा जिथं राहतो, तिथलं चित्र त्याला मिळतं. पण याचा परिणाम असा होतो की अपमान अदृश्य राहतो आणि त्यावरचा राग तेवढा दिसतो. ज्यानं अपमान बघितलाच नाही, त्याला राग बिनकारणाचा वाटणार.

आता जरा मागं महाराष्ट्रात जाऊ. २९ डिसेंबर २०१७ ला पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ गायकवाड यांच्या समाधीजवळच्या फलकाची नासधूस झाली. १ जानेवारी २०१८ ला भीमा-कोरेगावला अभिवादनाला आलेल्या माणसांवर दगडफेक झाली, त्यांच्या गाड्या जाळल्या गेल्या. त्या हिंसाचारात एका तरुणाचा जीवही गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. तीन तारखा, तीन घटना. पण वाहिन्यांवर आठवडाभर जी चित्रं फिरली, त्यात सगळ्यांत जास्त भरणा ३ तारखेचा होता. मुंबईत अडवलेल्या लोकल, अडवलेले रस्ते, फुटलेल्या काचा. फलकाचा शॉट किती वेळा दिसला, ते तुम्हीच आठवा.

त्याच्याही आधी, २००६. त्या वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. इथल्या कितीतरी घरांची मुळं भंडारा-गोंदियात आहेत, तेव्हा खैरलांजी तुम्हांला परकं गाव नाही. कितीतरी दिवस मोठ्या वाहिन्यांना त्या गावाचा रस्ता सापडला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतरच्या उद्रेकात मुंबईजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. जळणारे ते डबे मात्र सगळ्या देशानं पाहिले. खैरलांजीहून आधी कित्येकांना 'दलितांनी गाडी जाळली' हे कळलं.

आणि १९९७. ११ जुलैच्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला, दहा माणसं मेली. पोलिसांचं म्हणणं असं की जमाव गॅसच्या टँकरला आग लावणार होता, म्हणून गोळ्या चालवाव्या लागल्या. जळणारा टँकर हे फार ताकदीचं चित्र आहे. ते बघितलं की बघणारा पुढचं काही विचारत नाही. पण बातमी करणाऱ्यानं विचारायला पाहिजे. हा टँकर गोळीबाराच्या आधी पेटला की नंतर? गोळ्या लागलेली माणसं त्याच्यापासून किती अंतरावर होती? चित्र स्वतः ना वेळ सांगतं, ना अंतर. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष काढला. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी मनोहर कदम याला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. पुढं त्याला जामीन मिळाला. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं चित्रीकरण करून 'जय भीम कॉम्रेड' बनवला, त्याचा एक मोठा भाग याच प्रश्नामागं जातो. वेळ आणि अंतर विचारायला एका माणसाची चौदा वर्षं गेली. बुलेटिनला आपल्याकडं वीस मिनिटं असतात, हे मला मान्य आहे. पण वीस मिनिटांतही 'आधी की नंतर' एवढं तर विचारता येतं.

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी मनात म्हणत असेल, मग काय आग दाखवूच नये? दाखवावी. आग लागली होती, ती झाकणं हाही खोटेपणाच. सरकारी इमारत जळाली, कुणाची कर्जावर घेतलेली गाडी जळाली, त्याचंही दुःख आहे. माझं म्हणणं क्रमाचं आणि मापाचं आहे. साठ सेकंदांत आग किती सेकंद आणि तिच्या आधीचे चार आठवडे किती सेकंद? पहिला शॉट कोणता? मजकूर म्हणतो 'जैतखामाच्या तोडफोडीची सीबीआय चौकशी करा अशी मागणी आहे' आणि खाली जळती मोटरसायकल दिसते, तेव्हा मागणी ऐकूच येत नाही.

असं का होतं, याची कारणं समजून घ्या, म्हणजे उपाय सापडतील.

पहिलं कारण लायब्ररी. वाहिनीच्या संग्रहात क्लिप ज्या नावानं ठेवली जाते, त्याच नावानं ती वीस वर्षं सापडते. आपली माणसं मोर्चात, शोकात किंवा पुतळ्यापाशी असतील तेव्हाच त्यांच्या क्लिपवर 'दलित' शब्द चढतो. तीच माणसं बँकेत काउंटरवर, शाळेत फळ्यासमोर, धान्याच्या रांगेत असतात, तेव्हा क्लिपचं नाव असतं 'ग्राहक', 'शिक्षिका', 'नागरिक'. म्हणजे संग्रहात दलित माणूस एक तर रडत असतो, नाहीतर धावत असतो. आरक्षणाची बातमी आली की तोच मोर्चा. अर्थसंकल्पात अनुसूचित जातींच्या योजनांवर बातमी आली की तीच पडकी झोपडी, तेच सुरकुतलेले हात. नव्यानं टेबलवर बसलेल्या पोराच्या मनात काही वाईट नसतं. त्याला सापडतं तेच तो लावतो.

दुसरं कारण, खोलीत कोण आहे. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये एक पाहणी केली. वर्तमानपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं आणि मासिकं मिळून नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींमधलं एकही माणूस त्या पदांवर नव्हतं. त्या खोलीत शॉटकडं बघून "थांबा, ही बस या बातमीतली नाही" असं म्हणणारं कोण असणार? मी होतो त्या खोलीत, आणि मीही म्हटलं नाही. तेव्हा माणूस असणं ही सुरुवात आहे, पुरेसं नाही. त्याला नजरही पाहिजे आणि बोलायची हिंमतही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं. तेव्हा 'केसरी'नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. आज छापायला कुणी अडवत नाही, खिशातल्या फोनवरून बातमी जगभर जाते. मग आपल्या हातात आलेल्या पडद्यावर आपण काय दाखवतो, याची जबाबदारीही आपल्यावर आली.

आता कामाचं बोलतो. पुढं बसलेल्यांनी लिहून घ्या.

कारणाचं चित्र नसतं असं मी म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. ते आयतं मिळत नाही, शोधावं लागतं. तोडफोड रात्री झाली असेल, तर सकाळी ती जागा आहेच. तिथं जा. तुटलेला तुकडा घ्या, पण आजूबाजूचं गावही घ्या, म्हणजे ही जागा कुणाच्या घरापासून किती दूर आहे ते कळेल. तक्रारीचा कागद घ्या. त्यावरचा पोच शिक्का आणि तारीख दिसेल इतक्या जवळून घ्या, पण अर्जदाराचा पत्ता आणि फोन नंबर झाका. पोलीस ठाण्याबाहेर ताटकळत बसलेली माणसं घ्या. साहेबाची बंद खोली घ्या. तारखांची साधी पाटी बनवा: कधी घडलं, कधी तक्रार दिली, कधी मोर्चा निघाला. पाटीला खर्च येत नाही, आणि आग लागण्याआधी किती दिवस गेले ते ती पाटी सांगते.

जागा हेसुद्धा चित्र असतं. आपण पॉवर हाऊस स्टेशनवरून रोज ये-जा करतो. १ जुलै १९९२ ला तिथं रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, डझनाहून जास्त माणसं गेली. शंकर गुहा नियोगींचा खून त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९९१ मध्ये, याच भिलाईत झाला होता. तेव्हा देशात खाजगी वृत्तवाहिन्या नव्हत्या, हातात मोबाइल नव्हते. आज त्यावर बातमी करायची, तर काय दाखवणार? ते रूळ आहेत. दर १ जुलैला तिथं जमणारी, आता म्हातारी झालेली माणसं आहेत. कुणाच्या घरी जपून ठेवलेला फोटो असेल. कुठल्यातरी दुसऱ्या गोळीबाराची क्लिप आणून चिकटवण्यापेक्षा रिकामा प्लॅटफॉर्म शंभर पटीनं खरा.

दुसरी गोष्ट, मारहाणीचे व्हिडिओ. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये ऊना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना उघडं करून, गाडीला बांधून मारलं. त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच पसरवला. तो कुणासाठी होता? धाक घालण्यासाठी, अपमान वाढवण्यासाठी होता. वाहिन्यांनी तोच व्हिडिओ दिवसभर फिरवला. या व्हिडिओमुळं देशाला घटना कळली, गुन्हा नाकारता आला नाही, हे मला मान्य आहे. पुरावा म्हणून त्याची किंमत मोठी आहे. पण पुरावा एकदा दाखवायचा असतो. चाळीस वेळा फिरवला की मारणाऱ्याचं काम आपण पुढं नेतो. त्या पोराच्या आईनं ते किती वेळा बघायचं?

म्हणून असा व्हिडिओ हातात आला की तीन प्रश्न विचारा. हा कुणी काढला? का काढला? यातल्या माणसाची परवानगी आहे का? दाखवायचाच असेल, तर एकदा, थोडा, मार खाणाऱ्याचा चेहरा धूसर करून आणि मारणाऱ्याचा चेहरा स्पष्ट ठेवून. आपल्याकडं बहुतेक वेळा उलटं होतं. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत तर पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ लक्षात ठेवा. ओळख फक्त चेहऱ्यानं होत नाही. घराचं दार, आईचा चेहरा, शाळेचा गणवेश, गल्लीतला हापसा, यांवरूनही गाव ओळखतं.

ऊनाचीच पुढची गोष्ट सांगतो. त्या मारहाणीनंतर सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली जनावरं ट्रॅक्टरमधून आणून कलेक्टर कचेरीसमोर टाकली. तुमची गाय, तुम्हीच उचला. हे चित्रही देशभर गेलं. पण हे चित्र दलितांनी स्वतः निवडलं होतं. पहिल्या चित्रात ते मार खात होते, दुसऱ्यात प्रश्न विचारत होते. ऊनाची बातमी आज करायची झाली, तर यांतला कोणता शॉट आधी घ्याल?

तिसरी गोष्ट, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये होणारे मृत्यू. या बातमीला नेहमी दोनच शॉट असतात. चिखलानं माखलेला उघडा माणूस आणि दोरीनं वर ओढलेलं प्रेत. बघणाऱ्याला किळस येते, तो चॅनल बदलतो. हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मग तुमचे शॉट जबाबदारीच्या दिशेनं जाऊ द्या. काम कुणी दिलं, त्याच्या कार्यालयाची पाटी. यंत्र होतं का, असेल तर ते कुठं उभं होतं. मुखवटा आणि पट्टा दिला होता का. मेलेल्या माणसाचा फोटो दाखवायचा तर घरच्यांना विचारून, त्यांनी स्वतः निवडलेला दाखवा, लग्नातला किंवा मुलाला कडेवर घेतलेला. तो कामावर कुणाला तरी सोडून गेला होता, हे त्यातून कळतं.

चौथी गोष्ट जरा कडू आहे, ती आपल्या स्वतःच्या चॅनलांची. नागपूरहून आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा यांसारख्या वाहिन्या चालतात, गावोगाव शेकडो यूट्यूब चॅनल झाले आहेत. फार मोलाचं काम आहे. पण खरं सांगा, आपल्या कार्यक्रमाच्या बातमीत आपण काय दाखवतो? मंचावरचे सत्कार, एकामागून एक पुष्पगुच्छ, आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण. समोर बसलेली बाई दिसत नाही. तिनं घरून आणलेला डबा दिसत नाही, मांडीवर झोपलेलं पोर दिसत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी आणि कचरा दाखवणाऱ्यांवर आपण चिडतो. मग पुस्तकांच्या स्टॉलवर वाकून पानं चाळणारी माणसं आपल्या कॅमेऱ्यात किती येतात? अत्याचाराच्या बातमीला थंबनेल करताना आपणही लाल वर्तुळ काढतो, बाण दाखवतो, रडका चेहरा मोठा करतो. त्यानं बघणारे वाढतात, हे मला ठाऊक आहे. त्या चेहऱ्याची किंमत कोण मोजतं, तेही बघा.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. आपला स्वतःचा संग्रह.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा नागपूर, भंडारा, गोंदियाकडून पोलाद कारखान्यात कामाला आले. रशियाच्या मदतीनं हा कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, बाजारात छत्तीसगढी, असं आपलं जगणं. या कोहक्यात वेल्डर आहेत, नर्स आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, पीएच.डी. करणाऱ्या मुली आहेत. कोणत्या वाहिनीच्या लायब्ररीत हे लोक 'आंबेडकरी समाज' या नावाखाली सापडतील? कुठंच नाही. आपण घेतले तरच सापडतील.

म्हणून माझी विनंती अशी. दर रविवारी प्रत्येकानं पाच शॉट घ्यायचे. मोर्चा नको, सभा नको, रोजचं जगणं. पाळी संपवून सायकलवरून परतणारा माणूस. अभ्यास करणारी मुलगी, पण बाबासाहेबांच्या फोटोसमोर मुद्दाम बसवलेली नको, ती जिथं रोज बसते तिथंच. शॉट दहा सेकंद स्थिर धरा, फोन आडवा ठेवा, भोवतीचा आवाज येऊ द्या. माणसाला विचारून घ्या, कशासाठी वापरणार ते सांगा. आणि फाइलला नाव द्या: तारीख, जागा, काय चाललंय, कुणी काढला, परवानगी आहे की नाही. नाव न दिलेला शॉट म्हणजे हरवलेला शॉट. नावात जात लिहायची की नाही, यावर तुम्ही आपसांत वाद घाला. मला वाटतं, 'नर्स, कोहका' एवढं पुरे. उन्हाळ्यात पाण्याची बातमी असेल, तेव्हा तुमच्या मावशीचा शॉट लागू द्या. परीक्षेच्या निकालाची असेल, तेव्हा तुमच्या बहिणीचा. आपण फक्त अत्याचाराच्या बातमीत दिसत राहिलो, तर लोकांना आपल्याविषयी तेवढंच माहीत होणार.

आणि जेव्हा अत्याचाराची बातमी येईल, तेव्हा तुमच्या हातात महकोनीसारख्या गावाचे, शिक्का मारलेल्या अर्जाचे, ताटकळणाऱ्या माणसांचे शॉट असू द्या. मोठ्या वाहिनीचा एखादा टेबलवाला घाईत शोधत असेल. त्याच्याकडं वीस मिनिटं असतील. त्याच्या संग्रहात जळता टायर आधीच आहे. त्याच्या आधीचा शॉट त्याला तुमच्याकडून मिळायला हवा.

त्या वसतिगृहातल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. कॅमेरामन पाठवून त्या पोरांचे खरे शॉट घेतले आणि बातमी पुन्हा लावली. पोरं सतरंजीवर बसून पुस्तकं वाचत होती. पण पहिली बातमी बघणारे सगळे दुसरी बघायला बसले होते, असं थोडंच आहे? तो मुलगा वसतिगृहात राहिला की वडिलांनी नेला, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तुम्ही विचारत जा.

जय भीम.